ट्वीटर डायरेक्ट

भंगारवाल्याने दोन्ही स्पीकरचे मिळून दीडशे रुपये सांगितले. लाकूड फुगलंय, त्याचे काही मिळणार नाहीत. पैसे फक्त आतल्या लोहचुंबकाचे आणि तांब्याचे. आई लगेच तयार झाली. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार म्हणून माळा रिकामा करणं चालू होतं, आणि भाड्याच्या घरात माळा नसणार हे तिने आधीच पाहून ठेवलं होतं. बाबा दारात उभे राहून बघत होते. ते काहीच बोलले नाहीत. हल्ली ते बऱ्याच गोष्टींवर काहीच बोलत नाहीत.

"थांबा," मी म्हटलं. "हे नाही द्यायचे."

का म्हटलं ते मलाही माहीत नव्हतं. मी आयटीत काम करते, रोज कोपरहून ठाणे आणि तिथून ऐरोली असा प्रवास करते आणि गाणी कानात घातलेल्या दोन पांढऱ्या बोंडांतून ऐकते. सोल्डरिंग गन शेवटची हातात घेतली ती डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. पण भंगारवाल्याने खोका उलटा केला, तेव्हा पुढच्या काळ्या कापडावर लहानपणी मी बोटाने पाडलेलं भोक दिसलं. दीडशे रुपयांत ते भोकही गेलं असतं.

०

हे स्पीकर १९८९ साली घरात आले. बाबा तेव्हा डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होते. पत्र्याचे भाग ठोकून काढणारा विभाग. त्यांच्या एका सहकाऱ्याचा भाऊ आखातातून जपानी म्युझिक सिस्टिम घेऊन आला होता आणि त्याला पैशांची गरज होती. बाबांनी तीन हप्त्यांत ती घेतली. त्या काळात हौशी लोकांच्या घरी सोनोडाइन, कॉस्मिक, फिलिप्स ही नावं असायची. आमच्या मजल्यावर मात्र रेडिओ आणि एक टू-इन-वन एवढंच होतं. त्यामुळे कार्तिकी-आषाढीला आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत भीमसेन जोशींची 'अभंगवाणी' लागली की जिन्यापर्यंत माणसं बसायची, असं आई सांगते.

मला आठवतं ते इतकंच, की कॅसेट लावायचा अधिकार बाबांचा होता आणि आवाज कमी करायचं काम आईचं. ती आवाजाचं बटण कमी आणि शेजारचं ट्रेबलचं बटण जास्त फिरवायची. "टोचतंय हो ते," असं म्हणायची. बाबा परत येऊन ते होतं तिथे नेऊन ठेवायचे. असं दिवसातून चार वेळा. मला वाटायचं, सगळ्याच घरांत हे चालतं.

२००९च्या आसपास आवाज फाटायला लागला. मग अॅम्प्लिफायर गेला. स्पीकर गणपतीच्या मखराशेजारी माळ्यावर चढले आणि पंधरा वर्षं तिथेच राहिले.

०

पुढची जाळी काढली आणि वूफरच्या कडेला बोट लावलं, तर कड बोटालाच चिकटून आली. काळी, ओली, गुळाच्या काकवीसारखी. वूफर म्हणजे खालचा मोठा स्पीकर, खर्जाचा. त्याचा कागदी शंकू लोखंडी चौकटीला एका मऊ कड्याने जोडलेला असतो. आमच्या स्पीकरमध्ये ते कडं फोमचं होतं.

थोडं तंत्र सांगते, कारण पुढची गोष्ट त्यावरच उभी आहे. शंकूच्या मागे तारेचं छोटं वेटोळं असतं, ते चुंबकाच्या फटीत अधांतरी राहतं. गाण्याचा विद्युतप्रवाह त्यातून गेला की वेटोळं मागेपुढे हलतं, त्याबरोबर शंकू हलतो आणि शंकू हवा हलवतो. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकमधल्या दोघांनी हे १९२५ साली नीट मांडलं. शंभर वर्षं झाली, तुमच्या इअरबडमध्येही बहुतेक हीच युक्ती आहे. फरक पडला तो खोक्यात. आधी चांगला खर्ज हवा तर कपाटाएवढं खोकं लागायचं. १९५४ साली एडगर व्हिलचर या अमेरिकन माणसाने हवाबंद छोट्या खोक्यातली हवाच स्प्रिंगसारखी वापरली आणि स्पीकर पुस्तकांच्या फळीवर मावायला लागले. पण छोट्या खोक्यातला शंकू जास्त लांब हलावा लागतो, त्यासाठी त्याची कड मऊ हवी. पुढे अनेक कंपन्यांनी फोम वापरला. हलका, स्वस्त, मऊ.

आणि अल्पायुषी. हा फोम पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतला ओलावा त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडतो. स्पीकर वाजवला काय नि न वाजवता जपून ठेवला काय, फोमचं वय होतच राहतं. कोपर पश्चिमेला खाडी जवळ. पावसाळ्यात आमच्याकडे मीठ बरणीत ओलं होतं, तिथे फोमची काय कथा! चुंबक मात्र जवळजवळ जसंच्या तसं राहतं. वेटोळं जळलं नाही तर तेही टिकतं. कागदाचा शंकू कुरतडला गेला नाही तर तोही. म्हणजे स्पीकर मेला असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा मेलेली असते ती बोटभर रुंदीची एक पट्टी.

पट्टीची जोडी ऑनलाइन साडेसातशेला मिळाली. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या बोळ्याने जुना चिकटा काढायला दोन रविवार गेले. चिकटवायला पांढरा फेविकॉल, कारण तो सावकाश वाळतो आणि तोवर पट्टी इकडेतिकडे सरकवता येते. खरी मेख इथेच आहे. वेटोळं चुंबकाच्या फटीत अगदी मधोमध राहायला हवं. दोन्ही बाजूंना केसाएवढी जागा. पट्टी जरा तिरकी बसली की वेटोळं घासतं.

माझी पहिली पट्टी तिरकी बसली. दुसऱ्या दिवशी शंकू बोटांनी हलकेच दाबला तर आतून खर्र, खर्र. मी हातोडा शोधायच्या बेतात होते. बाबा मागे येऊन उभे राहिले. त्यांनी खर्र ऐकली नाही, त्यांनी शंकूवर बोटं टेकवली आणि म्हणाले, "डावीकडे लागतंय. काढ." चौतीस वर्षं डाय सेट केलेला हात. मी काढलं. दुसऱ्या वेळी त्यांनी सांगितल्याप्रमाणे मधली टोपी ब्लेडने सोडवली, वेटोळ्याभोवती जुन्या एक्सरेच्या फिल्मच्या बारीक पट्ट्या खोचल्या म्हणजे ते हलणारच नाही, मग फोम चिकटवला आणि चोवीस तास हात लावला नाही. नंतर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल टेकवून पाहिला. शंकू निमूट पुढे आला, निमूट मागे गेला. आवाज नाही.

बाबांनी मान डोलावली. त्या महिन्यात आमच्यात झालेलं ते सगळ्यात लांब संभाषण होतं.

०

अठराशे रुपयांचा छोटा ब्लूटूथ अॅम्प्लिफायर आणला. कोपर स्टेशनला दोन मजले आहेत. खाली मध्य रेल्वेची मुख्य लाइन, वर पुलावरून वसई-दिवा लाइन. आमची गॅलरी रुळांच्या बाजूची. त्यामुळे नीट ऐकायचं तर लोकल आणि वरची मालगाडी यांच्या मधली फट शोधावी लागते. रविवारी दुपारी अशी फट मिळाली. मी फोनवर 'अभंगवाणी' लावली.

बाबा खुर्चीत बसले होते. पखवाज सुरू झाला, मग टाळ. त्यांचा चेहरा बदलला. "हां," ते म्हणाले, "आले."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "टोचतंय हो ते."

खरंच टोचत होतं. वरचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, फार पुढे येत होता. टाळ तर कानात ठोकल्यासारखे. मी ठरवलं की क्रॉसओव्हरमधले कपॅसिटर गेले असणार. क्रॉसओव्हर म्हणजे खोक्याच्या आत वाटणी करणारा छोटा बोर्ड: खर्ज वूफरला, वरचे सूर ट्वीटरला. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तीस-पस्तीस वर्षांत आतून सुकतात आणि वाटणी चुकायला लागते. जुने काढून फिल्मचे कपॅसिटर घालणं ही जुन्या स्पीकरमधली ठरलेली सुधारणा. ती करायची म्हणून मी बोर्ड बाहेर काढला, फोटो काढला आणि शनिवारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेले. पाटीवर आता डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण तिथे जाणारं कुणी तसं म्हणत नाही.

दुकानातल्या काकांनी फोनवरचा फोटो मोठा केला, चष्मा कपाळावर सरकवला. "कपॅसिटर देतो, पण मॅडम, ही वायर कंपनीची नाही."

मी बघितलं. ट्वीटरकडे जाणाऱ्या वाटेवर एक पांढरा सिमेंटचा रेझिस्टर होता, ८.२ ओहमचा. त्याच्या दोन्ही टोकांना लाल वायरचा एक तुकडा सोल्डर केलेला होता. म्हणजे रेझिस्टर होता, पण वीज त्याला वळसा घालून जात होती.

"ट्वीटर मुळात मोठ्याने बोलतो," काका म्हणाले. "त्याला आवरायला रेझिस्टर. कुणीतरी लगाम काढलाय."

आठ ओहमच्या ट्वीटरमागे आठ ओहमचा रेझिस्टर असला की व्होल्टेज निम्मं होतं, ताकद पाव होते. लगाम काढला की वरचे सूर सहा डेसिबलने चढतात. चूक सापडली म्हणून मी खूश झाले. दोन्ही बोर्डांवरच्या वायर कापल्या, नवे कपॅसिटर लावले. आता स्पीकर कारखान्यातून निघाले होते तसे झाले होते. किंबहुना जरा बरेच.

रविवारी पुन्हा लावलं. आई बाहेर येऊन बसली. "आता कसं मऊ वाटतंय," ती म्हणाली. मलाही पहिल्यांदाच पेटी, पखवाज, आवाज, टाळ असं सगळं आपापल्या जागी बसलेलं ऐकू येत होतं.

बाबा म्हणाले, "टाळ गेले."

"कुठे गेले? हे काय वाजतायत."

"नाहीत. पूर्वी असंच झालं होतं. मी ठीक केलं होतं."

०

खोकं बंद करायच्या आधी मी आत टॉर्च मारला, तेव्हा मागच्या फळीवर आतून पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं. बाबांचं अक्षर. मशीन दुरुस्त केलं की तारीख टाकायची त्यांना सवय.

'५-९-०४. ट्वीटर डायरेक्ट.'

मी जमिनीवर बसूनच राहिले. २००४ साली मी नऊ वर्षांची होते. आई ट्रेबल कमी करायची आणि बाबा वाढवायचे, ती रोजची मारामारी याच्या आगेमागेचीच. बाबांना तेव्हा प्रेसवर वीस वर्षं झाली होती. त्यांना टाळ कमी ऐकू यायला लागले. कुठल्याही चांगल्या कारागिराने केलं असतं तेच त्यांनी केलं: मशीन उघडलं. ट्वीटरचा आवाज बसला असं समजून त्याचा लगाम काढला. ट्वीटरला काहीही झालेलं नव्हतं. मी नुकताच तो मीटरवर तपासला होता.

फोनवर टोन वाजवणारं एक अॅप आहे. मी स्पीकरला जोडलं. ही काही डॉक्टरी तपासणी नव्हे, पण मला थांबवेना. हजार हर्ट्झ: बाबांनी बोट वर केलं. दोन हजार: केलं. तीन हजार: जरा थांबून केलं. चार हजारला आईने कानावर हात ठेवले. बाबा माझ्याकडे बघत होते, सुरू कधी करणार अशा नजरेने.

मी बंद केलं. खालून बदलापूर लोकल गेली. ती त्यांना ऐकू आली.

०

कानाच्या डॉक्टरांनी ध्वनीरोधक खोलीत रीतसर तपासणी केली. आलेख हातात घेऊन त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो आजाराबद्दल नव्हता. "नोकरी कुठे केलीत?"

सततच्या मोठ्या आवाजाने होणारा बहिरेपणा आलेखावर ओळखू येतो. तीन ते सहा हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, बहुतेकदा चार हजारला, खड्डा पडतो. पुढे वय झालं की त्याच्या वरचे सूरही उतरतात आणि खड्ड्याची दरी होते. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी मेलेल्या असतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. त्यांना बदली पट्टी मिळत नाही.

आपल्याकडे कारखान्यासाठी आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा होती. आवाजामुळे येणारा बहिरेपणा १९४८च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला होता. मी हे बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आम्ही कापूस घालायचो ना." साध्या कापसाने फारसं काही अडत नाही, हे मी नाही सांगितलं. ज्या पगारातून स्पीकरचे हप्ते गेले, तो पगार ज्या मशीनवर मिळाला, त्या मशीनने स्पीकर ऐकायचे कान नेले. हा हिशोब त्यांना माझ्याआधी कळला असणार. ते इतकंच म्हणाले, "मशीन थांबलं की सगळे घाबरायचे. आवाज चालू म्हणजे पगार चालू."

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती मला घरी येईपर्यंत पुरली. स, श, ट, क, फ या व्यंजनांची ओळख वरच्या सुरांत असते. स्वर खालच्या सुरांत असतात, ते ऐकू येतात. म्हणून अशा माणसाला बोलणं ऐकू येतं, पण कळत नाही. रिक्षात आई एकदम म्हणाली, "सात."

"काय?"

"मी सात म्हणायचे आणि हे आठला तयार व्हायचे. तुझ्या मावशीच्या लग्नाला. वरच्या मजल्यावरच्या मुंजीला. मी किती बोलले असेन गं यांना." 'सात'मधला स काढून टाका आणि म्हणून बघा. जे उरतं ते आठच्या किती जवळ आहे!

वीस वर्षं आमच्या घरात असं धरून चाललं होतं की बाबांचं लक्ष नसतं. मग धरून चाललं की रिटायर झाल्यावर ते गप्प झालेत. आणि त्या वीस वर्षांपैकी पंधरा वर्षं त्यांच्या कानांचा रिपोर्ट तारीख घालून, पेन्सिलीने लिहून, आमच्याच माळ्यावर पडून होता. तो लिहिणाऱ्यालाही माहीत नव्हतं की तो स्पीकरचा रिपोर्ट नाही.

०

मग प्रश्न उरला स्पीकरचा. जुनी वस्तू नीट करायची म्हणजे नेमकी कुठवर मागे न्यायची? कंपनीने बनवली तिथवर नेली तर आई आणि मी खूश, आणि ज्याने हप्ते भरले त्याच्यासाठी टाळ नाहीत. लाल वायर परत लावली तर पुन्हा आई ट्रेबलच्या मागे. इंटरनेटवर या विषयावर रात्र जागवणारे लोक आहेत. 'मूळ आवाज' हा त्यांचा देव. पण मूळ आवाज कुणाच्या कानांतला, हे मीटर सांगत नाही.

मी चाळीस रुपयांचे दोन छोटे खटके आणले. प्रत्येक खोक्याच्या मागे एक भोक पाडून ते बसवले. खटका खाली: वीज रेझिस्टरमधून जाते. खटका वर: वळसा घालून, डायरेक्ट. आतल्या फळीवर बाबांच्या ओळीखाली मी पेन्सिलीने तारीख टाकली आणि लिहिलं, 'दोन्ही ठेवलं.'

बाबांना श्रवणयंत्रंही घेतली. मागच्या दिवाळीचा बोनस त्यात गेला. पहिले पंधरा दिवस वाईट होते. प्लास्टिकची पिशवी, कुकरचं झाकण, वर्तमानपत्राची घडी, सगळं त्यांच्या अंगावर यायचं. यंत्रं डबीत आणि ते गॅलरीत, असं चाललं. हळूहळू सकाळचे दोन तास, मग दुपारपर्यंत. यंत्रांनी गेलेलं परत येत नाही, डॉक्टरांनी ते आधीच स्पष्ट केलं होतं. पण सात म्हटलं की आता सात कळतं.

एका रविवारी मी बाहेरून आले तर अभंग चालू होता आणि बाबा डाव्या स्पीकरच्या मागे वाकले होते. मी दारातच थांबले. त्यांनी खटका खाली केला, मग उजवीकडे जाऊन दुसराही केला आणि खुर्चीत येऊन बसले.

"काय झालं?" मी विचारलं.

"टोचत होतं," ते म्हणाले.

रात्री यंत्रं डबीत गेली की खटके पुन्हा वर जातात. आईला ते आता पाठ झालंय. झोपायच्या आधी ती एकदा स्पीकरच्या मागे डोकावते. खटका खाली असला तर उद्याची भाजी विचारते. वर असला तर म्हणते, "गेले आता. सकाळी बोलू."

पुढच्या महिन्यात आम्ही भाड्याच्या घरी जातोय. तिथे माळा नाही. स्पीकर हॉलमध्ये राहतील, भिंतीपासून जरा पुढे, मागे हात जाईल एवढी जागा सोडून.